पातीचा कांदा : बीजापासून जुडीपर्यंत

दोन कुंड्या

दिवाळीच्या सुमारास हवेत गारवा येऊ लागला की एक साधा प्रयोग कोणत्याही शाळेत किंवा घरी करता येण्याजोगा आहे. एकाच मापाच्या दोन कुंड्या घ्याव्यात आणि दोहोंत एकाच ढिगातील माती भरावी. स्वयंपाकघरातील टोपलीत कोंब फुटलेला एक कांदा पहिल्या कुंडीत अर्धा मातीबाहेर राहील असा पुरावा. दुसऱ्या कुंडीत कांद्याचे चिमूटभर काळे बी पेरावे. दोन्ही कुंड्या उन्हात शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि त्यांना सारखेच पाणी द्यावे.

आठवडा संपतो न संपतो तोच पहिल्या कुंडीत बोटभर उंचीची हिरवीगार पाने दिसू लागतात. दुसऱ्या कुंडीत या वेळी केसासारखे बारीक, वाकलेले चार-दोन दोरे दिसले तर दिसतात. पाहणाऱ्याचा कौल साहजिकच पहिल्या कुंडीकडे जातो. पात हवी झाली की कोंब आलेला कांदा मातीत खोवून द्यावयाचा, ही घरोघरची रीत यामुळेच रूढ झाली आहे. बी पेरणारे त्या मानाने थोडे.

परंतु हाच निवाडा अडीच-तीन महिन्यांनी केला तर तो पुष्कळदा उलटतो. पहिल्या कुंडीतील पाने दोन-तीन वेळा खुडल्यावर जून होतात, त्यांच्यामधून बहुधा फुलाचा दांडा वर येतो, आणि मूळचा कांदा बोटांनी चेपला तर मऊ व पोकळ लागतो. दुसऱ्या कुंडीत मात्र पेन्सिलीएवढ्या जाडीची, पांढऱ्या बुडख्याची, कोवळी रोपे दाटीने उभी असतात. प्रत्येक रोप मुळासकट उपटून खाण्यासारखे असते.

या उलटापालटीचे कारण सोपे आहे. कांदा हे वनस्पतीचे कोठार होय. आदल्या हंगामात पानांनी तयार केलेले अन्न त्यात साठवलेले असते, आणि पहिल्या कुंडीतील सुरुवातीचा हिरवेपणा हा बहुतांशी त्या साठ्याचाच खर्च असतो. बीजाजवळ असे कोठार नसते. त्याचे वजन ३ ते ४ मिलिग्रॅम. एवढ्याशा शिदोरीवर त्याला मातीबाहेर यावे लागते आणि त्यानंतर सूर्यप्रकाश, हवा व पाणी यांपासून स्वतःचे अन्न स्वतःच तयार करावे लागते. एका कुंडीत मुद्दल मोडून खाणे चालू असते, तर दुसरीत नवी मिळकत उभी राहत असते. मिळकत उभी राहावयास वेळ लागतो, आणि तिचे पहिले तीन आठवडे धोक्याचे असतात. बी पेरणाऱ्याला अपयश येते ते बहुधा याच काळात.

पात म्हणजे काय ?

महाराष्ट्रात कांद्याची पात, हिंदी मुलखात हरा प्याज, गुजरातेत लीली डुंगळी अशी हिची नावे आहेत. नावावरून ही एखादी वेगळी भाजी असावी असे वाटते. वस्तुतः ती बहुतेक ठिकाणी आपल्या नेहमीच्या कांद्याचीच, म्हणजे आलियम सेपा या वनस्पतीची, बाल्यावस्था होय. कांदा धरण्यापूर्वी रोप उपटले की ती पात, आणि त्याच रोपाला कांदा धरू दिला की तो कांदा. ज्याला पात हवी त्याने या वनस्पतीच्या आयुष्यातील योग्य काळ साधावयाचा असतो.

रोपाची रचना पाहिली म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. पातीचा कांदा सुरीने उभा चिरावा. ज्याला आपण दांडा समजतो तो खरा दांडा नसून एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या तळांची ती नळी असते. खरे खोड म्हणजे मुळांच्या लगत असलेली एक पांढरी, पातळ चकती. तिच्या खालच्या अंगाने मुळे फुटतात व वरच्या अंगाने पाने. प्रत्येक नवे पान जुन्या पानाच्या नळीतून वर चढते आणि तिच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रातून बाहेर पडते. पुढे याच पानांचे तळ जाड व मांसल होऊन कांदा बनतो. कांद्याचे एकेक पापुद्रे म्हणजे पानांचेच रूपांतर होय.

याला एक अपवाद आहे. आलियम फिस्ट्युलोसम या नावाची कांद्याची एक निराळी जाती आहे. फिस्ट्युलोसम म्हणजे नळीसारखे पोकळ. ही जाती खरा कांदा धरीत नाही. ती बुडाशी फुटवे काढून झुपक्याने वाढते. चीन व जपान या देशांत मुख्यतः हिचीच लागवड पूर्वापार होत आली आहे. जपानात हिला नेगी म्हणतात. तोक्यो शहराच्या बाजूस रोपांना मातीची उंच भर देऊन लांब पांढरा दांडा मिळवितात, तर क्योतोकडे हिरव्या पानांना मान असतो. पामीरच्या पर्वतराजीला जुन्या चिनी ग्रंथांत त्सुंगलिंग, म्हणजे कांद्याचे पर्वत, असे नाव आढळते. सातव्या शतकात भारतातून परतताना ह्युएनत्संग याच पर्वतांतून मायदेशी गेला. भारतातही नवी दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने या जातीचा ‘पुसा सौम्या’ हा वाण निवडून दिला आहे. तथापि बाजारात सामान्यतः मिळणारे बी आलियम सेपाचेच असते, म्हणून पुढील विवेचन त्यालाच धरून केले आहे.

दिवस किती लांब ?

रोपाने पात म्हणून केव्हापर्यंत राहावे आणि कांदा केव्हा धरावा हे मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरते. वनस्पतींना दिवसरात्रीच्या लांबीची जाणीव असते, हा शोध गार्नर व अलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केला. या गुणाला दीप्तिकालिता असे म्हणतात. कांद्याच्या बाबतीत तिचा परिणाम असा होतो : दिवस एका विशिष्ट मर्यादेपेक्षा मोठा झाला की रोप नवी पाने काढणे कमी करून असलेल्या पानांच्या तळांत अन्न साठवू लागते. उष्णता वाढली तर हे काम अधिक वेगाने होते.

ही मर्यादा सर्व वाणांत सारखी नसते. भारताच्या मैदानी प्रदेशातील वाणांना ११ ते १२ तासांचा दिवस पुरतो. युरोपातील पुष्कळ वाणांना १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. लंडनमध्ये जूनअखेर दिवस साडेसोळा तासांचा असतो, तेव्हा तेथे त्यांना अडचण पडत नाही. दिल्लीचा सर्वांत मोठा दिवस सुमारे १४ तासांचा, तर तिरुवनंतपुरमचा साडेबारा तासांहून किंचित मोठा. युरोपातील असा वाण दक्षिण भारतात लावला तर तो कांदा धरावयाची वाट पाहत केवळ पाने काढीत राहील. ‘व्हाइट लिस्बन’ हा युरोपातील पातीसाठी प्रसिद्ध असलेला वाण याच प्रकारचा आहे.

यातून घरच्या बागेसाठी निघणारा निष्कर्ष असा की, मैदानी प्रदेशात आपल्याकडील वाणांची पात हवी असल्यास दिवस लहान असण्याचा काळ साधावा. सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत पेरलेले बी थंडीच्या दिवसांत कोवळी पात देते. तेच बी जानेवारीच्या शेवटी पेरले तर रोप लहान असतानाच दिवस वाढू लागतो, ऊन तापते, आणि जाड पातीऐवजी बारीक कांद्या हाती येतात. काश्मीर व हिमाचल प्रदेशातील उंच भागांत हिवाळा फार कडक असल्यामुळे पेरणी बर्फ वितळल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये करावी लागते.

बी हे सजीव आहे

भाजीपाल्याच्या बियांत कांद्याचे बी अल्पायुषी म्हणून प्रसिद्ध आहे. टोमॅटो किंवा काकडी यांचे बी नीट ठेवल्यास चार-पाच वर्षे टिकते. कांद्याचे बी साध्या कपाटात ठेवले तर त्याची उगवणशक्ती साधारणतः वर्षभरात बरीच घटते, आणि दमट किनारपट्टीवर त्याहूनही लवकर. बाहेरून मात्र त्यात काही फरक दिसत नाही. मेलेले बीही तसेच काळेभोर व तिधारी असते. शाळेच्या बागेत एखाद्या मुलाची कुंडी रिकामी राहते, तो आपल्याच हातून काही चुकले असे समजतो, आणि दोष असतो तो पाकिटातील बियांचा.

बियांचे आयुष्य कशाने घटते ? दमटपणा व उष्णता या दोन गोष्टींनी. अमेरिकन बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी यासंबंधी दोन ढोबळ पण उपयुक्त नियम सांगितले आहेत. बियांतील ओलावा १ टक्क्याने कमी झाला की आयुष्य दुप्पट होते. आणि साठवणीच्या जागेचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले की तेही आयुष्य दुप्पट करते. पहिला नियम ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असतानाच लागू पडतो. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा : बियांतील ओलावा २ टक्क्यांनी कमी केला तर आयुष्य चौपट, ३० अंशांऐवजी २० अंशांत बी ठेवले तर पुन्हा चौपट, दोन्ही गोष्टी साधल्या तर सोळापट.

भारतीय हवामानात याला विशेष महत्त्व आहे. मैदानी प्रदेशात कांद्याचे बी एप्रिल-मे महिन्यांत तयार होते. त्यानंतर लगेच पावसाळा येतो, आणि बी त्या दमट हवेतून पार पडून आश्विन-कार्तिकात पेरणीस येते. एक पावसाळा ते बी सोसते. दुसरा पावसाळा त्याला सहसा झेपत नाही. तेव्हा बी घेताना त्याने दोन पावसाळे पाहिलेले नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी. पाकिटावर बियांच्या चाचणीची तारीख, वैधतेची मुदत व उगवणीचे प्रमाण छापलेले असते. भारतात प्रमाणित कांदाबियाण्याची उगवण निदान ७० टक्के असावी असा दंडक आहे.

उरलेले बी कागदी पुडीत बांधून घट्ट झाकणाच्या कोरड्या बाटलीत ठेवावे. बाटलीच्या तळाशी सिलिका जेल, अथवा भाजून पूर्णपणे थंड केलेले तांदूळ घालावेत. ते बाटलीतील दमटपणा शोषून घेतात. शीतपेटी असल्यास बाटली तीत ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानास येईपर्यंत उघडू नये. एरवी थंड बियांवर हवेतील बाष्प जमते व केलेले काम वाया जाते.

टीपकागदावरील परीक्षा

पेरणीपूर्वी बियांची परीक्षा घेणे हे दहा मिनिटांचे काम आहे. एका ताटलीत टीपकागदाच्या किंवा जुन्या सुती कापडाच्या दोन घड्या ओल्या करून पसराव्यात. पाणी निथळू द्यावे. त्यांवर ५० बिया ओळीने मांडून वर दुसरी ओली घडी घालावी व ताटली सावलीत ठेवावी. घडी कोरडी होऊ देऊ नये आणि बिया पाण्यात बुडूही देऊ नयेत. सहाव्या दिवशी पहिली मोजणी करावी व बाराव्या दिवशी अखेरची.

पन्नासांपैकी ३५ बियांना निरोगी मूळ फुटले तर उगवण ७० टक्के झाली. ४० मिळाल्या तर बी उत्तम. २० च उगवल्या तर उगवण ४० टक्के, आणि अशा वेळी बी दाट पेरून संख्या भरून काढता येईल असे वाटते. त्यात एक मेख आहे. ज्या ढिगातील निम्म्याहून अधिक बिया मेल्या आहेत त्यातील जिवंत बियाही म्हाताऱ्या झालेल्या असतात. टीपकागदावर त्या उगवतात, परंतु मातीचा थर फोडून वर येण्याचे बळ त्यांच्यात पुष्कळदा नसते. म्हणून १० पैकी ५ देखील उगवत नसतील तर ते बी टाकून ताजे आणणेच श्रेयस्कर.

कुंडी, माती आणि ऊन

कांद्याची मुळे बारीक दोऱ्यांसारखी असून त्यांना फाटे थोडे फुटतात. इतर वनस्पतींच्या मुळांवर जी सूक्ष्म केसांची लव असते ती यांच्यावर जवळजवळ नसते. ती फार खोलही जात नाहीत. या एका गोष्टीतून लागवडीचे बहुतेक नियम निघतात. उथळ मुळांना १५ ते २० सें.मी. खोलीची माती पुरते, म्हणून पातीसाठी मोठी कुंडी लागत नाही. तेलाचा पत्र्याचा डबा, फळांची जुनी पेटी, फुटक्या माठाचा खालचा अर्धा भाग यांपैकी काहीही चालते. परंतु तीच मुळे उथळ असल्यामुळे वरची माती सुकली की रोपाला लगेच तहान लागते. शिवाय पाणी साचून राहिले तर ती गुदमरून कुजतात. भांडे कोणतेही असो, तळाला भोके हवीतच.

एक भाग पोयटा माती, एक भाग चाळलेले व पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट, आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण चांगले. कच्चे शेण घालू नये. त्याने कोवळी मुळे होरपळतात. भांडे काठाच्या खाली दोन बोटे भरून एकदा पाणी द्यावे, आणि माती खाली बसली की पुन्हा सारखी करावी.

दिवसातून सहा तास तरी ऊन मिळेल अशी जागा निवडावी. गच्चीवर मात्र सावध राहावे. तापलेल्या फरशीवर ठेवलेल्या कुंडीतील माती हवेपेक्षाही तापते, आणि कांद्याचे बी उष्णतेला विलक्षण संवेदनाशील असते. मातीचे तापमान २० ते २५ अंश असेल तर रोप चार-पाच दिवसांत वर येते. १० अंशांवर सुमारे १३ दिवस लागतात. आणि ३५ अंशांवरही जवळजवळ १३ दिवसच लागतात. अतिथंडी व अतिउष्णता या दोन टोकांना बी सारखेच अडखळते. म्हणून कडक उन्हाच्या दिवसांत उगवण होईपर्यंत कुंडी सावलीत, विटांवर उचलून ठेवावी.

पेरणी

मातीवर ७ ते ८ सें.मी. अंतराने सुमारे एक सें.मी. खोल रेघा ओढाव्यात. एका ग्रॅममध्ये कांद्याच्या सुमारे २५० ते ३०० बिया भरतात. ३० सें.मी. व्यासाच्या कुंडीत ३५ ते ४० रोपे सुखाने वाढतात, तेव्हा उगवणीतील व नंतरची तूट धरून ८० बिया पुरेत. याचा अर्थ तीत एक तृतीयांश ग्रॅम बीही लागत नाही. बी रेघांत सुटे सुटे टाकून वर बारीक मातीचा किंवा चाळलेल्या कंपोस्टचा सेंटिमीटरभर थर द्यावा आणि तळहाताने अलगद दाबावे. दाबल्यामुळे माती बियांस चिकटते व ओलावा पोहोचतो. बी यापेक्षा खोल गेले तर त्याची शिदोरी वाटेतच संपते.

पाणी बारीक भोकांच्या झारीने द्यावे. तांब्याने ओतलेल्या पाण्याबरोबर बिया वाहून एका कडेला गोळा होतात. पेरल्यावर कुंडीवर ओले गोणपाट अंथरावे, आणि पहिला हिरवा ठिपका दिसताच ते काढून घ्यावे. यात एका दिवसाचाही उशीर झाला तर रोपे पिवळी व लांबट होतात.

गुडघा आणि ध्वज

उगवणारे कांद्याचे रोप पाहण्यासारखे असते. प्रथम मातीतून एक हिरवा आकडा वर येतो. त्याचा आकार दुमडलेल्या गुडघ्यासारखा दिसतो. हे त्याचे एकुलते एक बीजपत्र होय, कारण कांदा ही एकदल वनस्पती आहे. या आकड्याचे एक टोक मुळाकडे गेलेले असते, तर दुसरे टोक बीजाच्या आतच राहून तेथील पुष्क, म्हणजे साठवलेले अन्न, शोषीत असते. अन्न संपत आले की आकडा उलगडतो, ते टोक मातीबाहेर खेचले जाते, आणि रोपाच्या शेंड्यावर काळे टरफल एखाद्या काठीवरील ध्वजासारखे फडकू लागते. हे टरफल ओढून काढू नये. अजून आत घास उरलेला असू शकतो.

यानंतर काही दिवसांनी बीजपत्राच्या बुडाशी असलेल्या फटीतून पहिले खरे पान डोकावते. या वेळी रोपाची शिदोरी संपलेली असते आणि मिळकत नुकतीच सुरू झालेली असते. माती एक दुपार कडकडीत वाळली, किंवा उलट सतत चिखल राहून रोपांची मर लागली, तर संपूर्ण ओळ आडवी होते. मर हा मातीतील कवकांमुळे होणारा रोग आहे. तो टाळण्यास दाट पेरणी टाळणे, सकाळी पाणी देणे व हवा खेळती ठेवणे हे उपाय पुरतात.

रिकामी कुंडी काय सांगते ?

पंधरा दिवस होऊनही काही उगवले नाही तर कुंडी उपडी करण्यापूर्वी रेघेतील माती काडीने हळूच उकरून पाहावी. बी सापडले आणि ते कोरडे व टणक असले, तर पाणी तेथवर पोहोचलेच नाही. बी फुगून मऊ पडले असेल, तर ते जुने असावे किंवा पाणी अतिशय झाले असावे. पांढरा आकडा मातीच्या आत आडवा वाढलेला दिसला, तर वर कडक पापडी धरली होती. पुढील खेपेस वरून चाळलेले कंपोस्ट द्यावे. बी मुळीच सापडले नाही, तर ते झारीच्या पाण्याने वाहून गेले असेल, नाहीतर मुंग्यांनी नेले असेल. अशा प्रकारे तपासलेली रिकामी कुंडी विद्यार्थ्याला पुष्कळ शिकवून जाते, आणि हे निरीक्षण वहीत लिहून ठेवले तर पुढील वर्षी दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडते.

बागेतील वाफा

जमीन उपलब्ध असेल तर काम अधिक सोपे होते, कारण जमीन कुंडीइतकी लवकर सुकत नाही व तापतही नाही. हिवाळ्यात सपाट वाफा चालतो. पावसाळ्यात पेरावयाचे असल्यास १५ सें.मी. उंचीचा गादीवाफा करणे अवश्य आहे, म्हणजे पाणी निचरून जाते. ओळींत १५ सें.मी. अंतर ठेवावे. एकाच वेळी सर्व बी पेरण्यापेक्षा दर तीन आठवड्यांनी एकेक ओळ पेरली तर थंडीभर कोवळी पात मिळत राहते.

कांद्याची पाने उभी व नळीसारखी असतात. ती जमिनीवर सावली धरीत नाहीत, आणि त्यामुळे तणाला मोकळे रान मिळते. पहिल्या सहा आठवड्यांत खुरपणीस चुकारपणा केला तर पीक हातचे जाते. खुरपे खोल घालू नये, कारण मुळे वरच्या वरच असतात. रोपे वीतभर झाली की दाट जागची काढून दोन रोपांत २ ते ३ सें.मी. अंतर ठेवावे. काढलेली रोपे कोशिंबिरीत घालावीत. पांढरा बुडखा लांब हवा असल्यास रोपांच्या बुडाशी हळूहळू मातीची भर द्यावी. प्रकाश न मिळालेल्या भागात हरितद्रव्य तयार होत नाही, एवढेच त्या पांढरेपणाचे रहस्य आहे.

पानांवर रुपेरी चट्टे दिसू लागले तर पानांच्या बेचक्यांत बारीक फुलकिडे आहेत असे समजावे. कोरड्या हवेत ते वाढतात. घरच्या चार कुंड्यांसाठी पाण्याचा जोरदार फवारा मारून ते धुऊन काढणे पुरेसे होते. पानांवर जांभळट ठिपके पडून ती शेंड्याकडून वाळू लागली तर तो करपा होय. अशी पाने तोडून नष्ट करावीत व पाणी पानांवर न घालता बुडाशी घालावे.

कापणी आणि शाईच्या खुणा

पेरल्यापासून साधारणतः ८ ते १० आठवड्यांनी रोपे पेन्सिलीएवढी जाड होतात. ती मुळासकट उपटता येतात, किंवा बुडापासून तीन-चार सें.मी. ठेवून वरची पाने कापता येतात. कापलेले रोप पुन्हा वाढते. ते कसे, हे समजण्यासाठी एका कोवळ्या पानावर, अगदी बुडापासून सुरुवात करून, दर सेंटिमीटरला न पुसणाऱ्या शाईची बारीक खूण करावी. आठवड्याने पाहिले तर शेंड्याकडील खुणांमधील अंतर जवळजवळ तेवढेच राहिलेले दिसेल. बुडाजवळची खूण मात्र बरीच वर सरकलेली असेल. कांद्याच्या पानाची वाढ करणाऱ्या पेशी, म्हणजे विभज्या, पानाच्या तळाशी असतात. शेंडा हा पानाचा सर्वांत जुना भाग होय. म्हणून वरून कापले तरी वाढ थांबत नाही, आणि अगदी चकतीलगत कापले तर मात्र रोप मरते. फार वेळा मात्र कापू नये. प्रत्येक कापणीत रोपाचे मिळकतीचे साधनच आपण काढून घेत असतो.

अखंड पानाला वास जवळजवळ नसतो, पण ते चुरगाळताच दर्प येतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. पेशीत गंधकयुक्त द्रव्ये एका कप्प्यात व त्यांवर क्रिया करणारे एंझाइम दुसऱ्या कप्प्यात असते. पेशी फुटली की दोहोंची गाठ पडते आणि तिखट वायुरूप द्रव्य निर्माण होते. डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्य बनविणाऱ्या विशिष्ट एंझाइमाचा शोध जपानी संशोधकांनी २००२ साली लावला. हिरव्या पानांत कॅरोटीन असते. पांढऱ्या कांद्यात ते जवळजवळ नसते. या दृष्टीने पात ही खऱ्या अर्थाने पालेभाजी आहे.

बीजापासून बीजापर्यंत

कांदा द्विवर्षायू आहे. पहिल्या हंगामात तो पाने काढतो व कांदा धरतो. पुढील हिवाळ्याची थंडी लागल्यावर त्याला फुलाचा दांडा येतो. पहिल्या कुंडीत पुरलेल्या कांद्याला दांडा आला तो याच कारणाने. तो कांदा आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धात होता. बंगालमध्ये हे कोवळे दांडे पेंयाजकली या नावाने आवडीने खाल्ले जातात.

ज्या शाळेला जागा व धीर आहे तिने कार्तिकात पेरलेल्या वाफ्यातील एक ओळ न उपटता राखून ठेवावी. मार्च-एप्रिलमध्ये तिला कांदे धरतील. ते हवेशीर जागी टांगून ठेवावेत व पुन्हा हिवाळ्याच्या तोंडी लावावेत. एकच कांदा न लावता निदान पंधरा-वीस एकत्र लावावेत, कारण कांद्यात मुख्यतः परपरागण होते. मधमाश्या एका गेंदातून दुसऱ्या गेंदात परागकण नेतात आणि जवळच्या आप्तांतील संकराने पुढील पिढी दुबळी होते. त्यानंतरच्या एप्रिल-मेमध्ये गेंद वाळून तडकू लागले की आत काळे, तिधारी बी दिसेल. पेरणीपासून येथपर्यंत सुमारे १९ महिने लागतात, म्हणजे ज्या वर्गाने बी पेरले तो वर्ग तोवर वरच्या इयत्तेत गेलेला असतो.

ते बी सावलीत वाळवून कोरड्या बाटलीत भरावे आणि बाटलीवर महिना व वर्ष लिहावे. त्याने अजून एकही पावसाळा पाहिलेला नसतो. येत्या कार्तिकात खालच्या वर्गाने त्यातील ५० बिया टीपकागदावर मांडून मोजाव्यात, आणि उगवणीचा आकडा मागील वर्षीच्या नोंदीखाली लिहावा.